रॉकेटचे पंख

गॅलरीत बसून हे आपल्या रॉकेटचे लाकडी पंख पॉलिश पेपरने घासत होते. सुटे भाग विकत आणून जोडलेलं, हातभर रॉकेट. घासायचं, फुंकर मारायची, अंगठा फिरवून बघायचं. किती हळुवार हात!

मी चहा ठेवला. "अगं, लांब ठेव! वाफेने लाकूड फुगेल."

त्या हाताला मऊपणाच नसता, तर मला राग आला नसता. आहे, आणि तो सगळा या पुठ्ठ्याच्या नळीला.

रॉकेट हळू उतरावं म्हणून त्यात छत्री असते. ती चिकटू नये म्हणून माझी पावडर घेतली. "तुला या वयात कशाला हवी?" म्हणाले.

रविवारी मैदानावर उडवणार आहेत. मीही जाईन. वर जाताना बघणार नाही. छत्री न उघडता आपटलं, तर मात्र डोळे भरून बघीन.