आव्यातलं एक साबूत मडकं

सन दोन हजार वीस. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि आपलं गाऱ्हाणं वर कोणी ऐकतं की नाही अशी शंका मला जन्मात पहिल्यांदा आली ती त्या उन्हाळ्यात. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहिण्यात चुका होतील, पण घडलं ते घडलं तसं सांगतो.

कारंज्याच्या पुढे हमरस्त्याला लागून आमचं गाव आहे. कुंभारांची चार-पाच घरं. टाळेबंदी लागली, रस्त्यावरचे ट्रक थांबले आणि माणसं चालू लागली. पुण्या-मुंबईकडून निघालेली, छत्तीसगडाकडे, झारखंडाकडे. डोक्यावर बोचकी, पायाला चिंध्या. एक बाई कच्चं पीठ पाण्यात कालवून लेकराला चाटवत होती, ते मी या डोळ्यांनी पाहिलं. गावच्या दिलीपचा रस्त्यावर ढाबा होता. त्याने बंद ढाब्याची चूल पेटवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खिचडी वाढायला लागला. पण रांग रोज वाढत गेली आणि त्याची पोती रिकामी होत गेली.

आम्ही कुंभार काय देणार? बाजार बंद, माठ घरातच रचलेले. तेव्हा मला बापाच्या वेळची रीत आठवली. मडक्याचा भाव पैशात नसायचा. मडक्यात मावेल तेवढं धान्य घालायचं आणि मडकं न्यायचं. मी भाऊबंदांना म्हणालो, तसंच करू, फक्त धान्य आपल्या घरात नाही, दिलीपच्या कढईत जाईल. माझा धाकटा भाऊ शंकर हातगाडीवर माठ लावून गल्लीगल्लीने फिरू लागला. ज्यांनी नुसतं मागून मूठभर दिलं नसतं, त्यांनी थंड पाण्याच्या लोभाने माठ भरून ज्वारी दिली, तांदूळ दिले, तुरीची डाळ दिली. कढई चालू राहिली.

दिलीप एकदा म्हणाला, "काका, माठ सरले म्हणजे काय करसान? तसंच मागून आणा न दारोदारी. तुमचा शब्द कोणी मोडते काय?"

"कुंभार मागत नाई, दिलीप," मी म्हणालो. "कुंभार पयले देते, मंग घेते."

घरातले माठ संपले. आम्ही नवे घडवले, तर अवकाळी पाऊस आला. आभाळ दोन-तीन दिवस भरलेलं, ऊन नाही, कच्च्या मडक्यांना ओल धरलेली. इकडे दिलीपचा निरोप आला की आता धान्य सरत आलं. मी आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, लावायला घेतला. आमच्यात मडकं वाळलं की नाही ते गालाला लावून बघतात. ओल असली तर गार लागतं. शंकरने एक उचलून गालाला लावलं आणि म्हणाला, "दादा, अजून गार लागून राह्यलं. दोन दिवस थांबू न."

"तुह्या गालाले काय कळते? रस्त्यावरचे लोकं थांबतीन काय दोन दिवस?"

माझी बायको, आमची म्हातारी, अंगणातूनच बोलली, "ऐकतीन तं मंग हे कायचे! म्हैस बरी, दावं तोडते पण वळते तरी."

मी वळलो नाही. केळझरच्या गणपतीवर माझी लहानपणापासून श्रद्धा. दर वर्षी एकदा तरी जाऊन येत असे. त्याच्या नावाने नारळ फोडला, गवऱ्या आणि कापसाची वाळकी पऱ्हाटी रचली आणि आवा पेटवला. मनात म्हणालो, काम भुकेल्यांचं आहे, तू सांभाळशील.

थोड्या वेळात आतून आवाज यायला लागले. फट्. मग जरा शांत. मग फट् फट्. ओलं मडकं तापलं की पोटातली वाफ त्याला फोडते. कुंभाराच्या पोराला तो आवाज ओळखू येतो. पण आवा एकदा पेटला की त्याला थांबवता येत नाही. फक्त ऐकत बसायचं असतं. मी ऐकत बसलो.

दुसऱ्या दिवशी राख उपसली तर सगळी खापरंच खापरं. मधोमध एक लहान मडकं तेवढं साबूत होतं. बोटाने वाजवलं तर खणखणीत. मला त्याचा आनंद झाला नाही, राग आला. इतक्यांतून एक ठेवून देवाने माझी थट्टा केली असं वाटलं. मी ते कुंपणाजवळ ठेवून दिलं आणि मोठ्याने म्हणालो, "तुले दिसत नाई काय रे? माह्यासाठी मांगतलं होतं काय?" म्हातारी म्हणाली, "आता भांडा देवासंगं. आव्यात मडके तुम्ही ओले भरले का त्यानं भरले?"

मला अजून एक आशा होती. दुसऱ्या आव्यापुरत्या गवऱ्या, पऱ्हाटी आणि बाभळीची थोडी लाकडं मी राखून ठेवली होती. माती होती, हात होते. या वेळी नीट वाळवीन, भाजीन, असा हिशेब करत बसलो होतो. तेवढ्यात कुंपणाशी एक परका माणूस येऊन उभा राहिला. तोंडाला गमछा, पायाला फोड. तिशीतला असेल.

"बाबा, एक मटका मिलेगा? माँ गुजर गई."

त्याची आई नाल्याजवळच्या कडुनिंबाखाली पडली होती. रायपूरच्या पुढचे लोक होते. गावात त्याने लाकडं मागितली तर रोगाच्या भीतीने लोकांनी दारं लावली. मी विचारलं, तिला ताप होता काय? तो म्हणाला, "बुखार नहीं था. खाती नहीं थी, बाबा. बोलती थी, भूख नहीं है."

मी कुंपणाजवळचं ते मडकं उचलून त्याच्यापुढे धरलं. त्याने हात लावला नाही. खिशातून लुगड्याची फाडलेली गाठ काढली आणि सोडली. आत कच्चे तांदूळ होते. "ढाबे पे सुना, मटके में अनाज भरना पड़ता है. माँ के आँचल में बँधा था. अपने हिस्से का बचाती रही."

"राहू दे लेका. ने तसंच."

"माँ का मटका है. मुफ़्त का नहीं लूँगा."

त्याने तांदूळ मडक्यात ओतले. तळ झाकला, थोडे वर आले, अर्ध्यापर्यंतही गेले नाहीत. त्याने आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "कम है?"

"भरलं," मी म्हणालो. "भरलं, लेका."

तांदूळ म्हातारीने पदरात घेतले. मी शंकरला हातगाडी आणायला सांगितली आणि राखून ठेवलेलं सगळं सरपण तीवर रचायला लागलो. "दादा, दुसरा आवा?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "हाच दुसरा आवा." मग तोही गवऱ्या उचलू लागला. नाल्याकाठी सरण रचून आम्ही तिघांनी तिला त्यावर ठेवलं. फार हलकी होती. तो ते मडकं पाण्याने भरून खांद्यावर घेऊन तिच्याभोवती फिरला, आणि प्रत्येक फेऱ्याला मी दगडाने माझ्याच मडक्याला भोक पाडलं. शेवटी त्याने ते मागे टाकलं. ते फुटलं, आणि मी मोठ्याने रडलो. बाप गेला तेव्हाही असा रडलो नव्हतो.

ते तांदूळ त्या दिवशीच्या शेवटच्या कढईत गेले. तोही रांगेत बसला, खाल्लं, पानाला हात जोडले आणि ऊन उतरल्यावर पूर्वेकडे चालू लागला. नाव मी विचारलं नाही.

तो देव होता असं मी म्हणत नाही. देवाची आई अशी मरत नाही. शंकर म्हणतो, ते मडकं आधीच्या खेपेचं असेल, आधीच वाळलेलं, म्हणून वाचलं. असेलही. मला इतकंच कळतं की ज्या एका मडक्याला मी थट्टा समजलो, त्याची कोणाला तरी गरज होती, आणि तो माणूस चालत चालत माझ्याच कुंपणाशी आला. आयुष्यभर मी देवापुढेसुद्धा काहीतरी घेऊन गेलो, नारळ, दूर्वा, काही ना काही. पहिले द्यायचं, मग मागायचं. त्या दिवशी माझ्याजवळ मडकं राहिलं नाही, सरपण राहिलं नाही, आणि रस्त्यावरची भूक तर तशीच होती. आपलं म्हणून काहीच उरलं नाही की मग माणूस खरा हात पसरतो. ते मला त्या अर्ध्याही न भरलेल्या मडक्याने शिकवलं, आणि त्या माउलीचे उपकार मी रोज आठवतो. तिचंही नाव मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, रिकामं टोपलं घेतलं आणि गल्लीतल्या पहिल्या दारात उभा राहून हाक दिली, "माय, रस्त्यावरच्या लोकायसाठी मांगाले आलो. वाढजो."