एकच पुस्तक पुरे

हेवा हा शब्द फार सभ्य आहे. मला जे होत होतं ते सरळ जळणं होतं, आणि ते दर रविवारी दुपारी अडीचच्या सुमाराला सुरू व्हायचं.

दोन हजारच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी आणि माझा मित्र सांगलीला एकाच वर्गात शिकून तमिळ मुलखात, ओरगडमच्या एका ट्रकच्या कारखान्यात लागलो होतो आणि तांबरमला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. कॉलेजची चार वर्षं तो माझ्या वह्यांवर पास झाला होता. मी हे त्याला कधी बोलून दाखवलं नाही, पण विसरूही दिलं नाही.

आमच्या विभागात आमच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा एक इंजिनियर होता. घराणं तंजावरचं मराठी, कैक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं. आम्ही मराठी आहोत म्हटल्यावर त्यानं आपली घरातली मराठी बाहेर काढली. शब्द पोथीतले आणि चाल तमिळ. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना, पण त्याचा राग त्याला आला नाही. आम्ही त्याला अण्णा म्हणू लागलो. त्यानंच आम्हाला अण्णा नगरच्या आपल्या घरी तो खेळ खेळायला बोलावलं.

खेळ सांगायला सोपा आहे. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येक जण एक सोंग घेतो. कोणी चोर, कोणी वैद्य, कोणी शिपाई. एक जण सूत्रधार. तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून गोष्ट सांगतो, आणि मध्येच थांबून विचारतो, आता तू काय करतोस? तू सांगायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि जमलं की फसलं ते फाशावरून ठरायचं. यासाठी तीन जाडजूड इंग्रजी पुस्तकं असतात. एक खेळाडूंचं, एक सूत्रधाराचं, एक राक्षसांचं. अण्णाकडे तिन्ही होती, खाकी कव्हरं घातलेली, शाळेच्या पुस्तकांसारखी.

मला त्या आडोशामागची खुर्ची हवी होती. पहिल्याच रविवारी हवी झाली. सगळी टेबलभर माणसं एका माणसाच्या तोंडाकडे बघत बसलेली मी तोवर फक्त वर्गात पाहिली होती, आणि तिथं ती माझ्याकडे बघायची, परीक्षेच्या आदल्या दिवशी.

इथं माझ्याकडे कोणी बघेना. मी शिपाई झालो होतो, नियम पाठ करून. कुठल्या तलवारीला कुठला फासा, उडी किती फुटांची, सगळं तोंडावर. मित्राला एक नियम येत नव्हता. तो झाला होता न्हाव्याच्या वेषातला चोर, आणि पहिल्याच दिवशी त्यानं आपल्या चोराला एक हरवलेली बहीण जोडून दिली. का, तर त्याला सुचलं म्हणून. तो दरोडेखोराची दाढी करता करता त्याच्याकडून किल्ल्याची वाट काढून घ्यायचा. अण्णाचे दोन तमिळ मित्र हसून हसून टेबलावर डोकं ठेवायचे. अण्णाची आई आतून सुंडलची, म्हणजे खोबरं घातलेल्या उकडलेल्या हरभऱ्यांची वाटी घेऊन यायची आणि दारातच थबकून ऐकायची. खेळ इंग्रजीत चालायचा, आणि अम्माला इंग्रजी फारसं कळत नव्हतं. तरी ती त्याच्याच वाटीत जास्त खोबरं घालते असं मला वाटायचं. वाटायचं काय, मी बघायचो.

परतीच्या बसमध्ये तो विचारायचा, "लेका, आज तू गप्प का होतास?" मी म्हणायचो, डोकं दुखतंय.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी अण्णाला बाजूला घेऊन विचारलं, की हा खेळ नीट सुरू करायचा तर माणसानं कुठली पुस्तकं घ्यावीत?

"नव्या माणसाला? एक पुस्तक पुरे, पा," तो म्हणाला. "खेळाडूचं. तेही नाही घेतलंस तरी चालेल, माझं आहे. अस्की घेऊ नको." अस्की म्हणजे त्यांच्या मराठीत सगळी.

"आणि सूत्रधाराचं?"

"ते नको. राक्षसांचं तर मुळीच नको. मी सांगेन तेव्हा."

मी सांगेन तेव्हा! बसमध्ये मी ते वाक्य चघळत बसलो. माझी खात्री पटली की अण्णा खुर्ची राखतोय. ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि ससा खाकी कव्हरात. शिवाय ज्या मुलानं आयुष्यात एक पुस्तक पुरतं वाचलं नाही त्याच्याकडे हा कौतुकानं बघतो, आणि ज्याला वाचायचंय त्याला म्हणतो नको.

माझा एक आतेभाऊ अमेरिकेत होता. त्याला मेल केला. तो दिवाळीला आला तेव्हा तिन्ही पुस्तकं घेऊन आला, आणि वर चार, कारण मीच लिहिलं होतं की जे जे मिळेल ते आण. सात पुस्तकं मी कॉटखाली बॅगेत ठेवली आणि मित्र आंघोळीला गेला की काढून वाचायचो. मला एकच वाचन येत होतं. दहावीपासून आम्ही अपेक्षित प्रश्नसंच घेऊन बसलेली पोरं. पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात काय आहे ते आधी कळलं की अर्धी लढाई जिंकली, हेच आम्हाला शिकवलेलं. मी राक्षसांचं पुस्तक तसंच वाचलं, पेन्सिलीनं खुणा करत, कोण कशानं मरतो ते समासात लिहीत.

या खेळात एक शिस्त असते, आणि ती अण्णानं पहिल्या दिवशीच सांगितली होती. जे तुला माहीत आहे ते तुझ्या सोंगाला माहीत असेलच असं नाही. सोंगाला माहीत नसेल तर तूही गप्प बसायचं. मला हे तेव्हा भाबडं वाटलं होतं. माहीत असलेलं उत्तर कोरं सोडून कोण येतं?

जानेवारीतला एक रविवार. पोंगल नुकताच झाला होता, दारातली रांगोळी अर्धी पुसली होती. अण्णा त्या दिवशी नवा शर्ट घालून बसला होता. गोष्ट एका पडक्या शहरातल्या पायऱ्यांच्या विहिरीपाशी आली होती. अण्णानं आवाज अगदी खाली आणला. विहिरीच्या तळातून एक बाई हाक मारतेय, तो म्हणाला, आणि मित्राच्या चोराचं लहानपणचं घरातलं नाव घेतलं. ते नाव फक्त त्या बहिणीला माहीत होतं.

चार महिने ती बहीण शोधणं चाललं होतं. मित्र उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते, खरंच भरले होते. तमिळ मित्रांपैकी एकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अम्मा दारात उभी होती. मला ते सहन झालं नाही. खोटी बहीण, खोटी विहीर, आणि सगळं घर याच्यासाठी श्वास रोखून उभं.

मी म्हणालो, "ती बहीण नाही. तो विहिरीतला प्राणी आहे, आवाजाची नक्कल करतो. आंधळा असतो. सगळे गप्प राहिलो की सातव्या फेरीला आपोआप मरतो. राक्षसांचं पुस्तक, पान एकशे बेचाळीस."

मला वाटलं होतं कोणीतरी वा म्हणेल. मित्र हळूच खाली बसला. अण्णानं आडोशामागच्या आपल्या कागदांकडे पाहिलं. हातानं लिहिलेली वीसेक पानं होती. ती त्यानं नीट एकावर एक लावली.

"सरी," तो म्हणाला. "बरोबर आहे. मेला तो." आणि आईला म्हणाला, "अम्मा, काफी दे."

आम्ही कॉफी प्यालो. अम्मानं माझ्या वाटीतही खोबरं घातलं, सगळ्यांइतकंच. मी पहिल्यांदा नीट पाहिलं. ती सगळ्यांना सारखंच घालत होती.

पुढच्या महिन्यात अण्णाला कंपनीनं जर्मनीला पाठवलं. तीन वर्षांसाठी, म्हणजे कायमचं. हे त्याला बरंच आधी ठरलेलं माहीत होतं, आम्हाला नव्हतं. निरोपाच्या दिवशी मी पाय दुखण्याचं निमित्त करून घरी राहिलो. मित्र संध्याकाळी परत आला तो खाकी कव्हरातली तिन्ही पुस्तकं आणि पुठ्ठ्याचा आडोसा काखोटीला मारून.

"मला चालवायला सांगितलंय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, तो घाबरल्यासारखा दिसत होता. "मला यातलं काय येतंय?"

मी म्हणालो, "अभिनंदन."

त्या शनिवारी तो समोरच्या खोलीत पुस्तकं पसरून बसला. दुसऱ्या दिवशी तमिळ मित्र आमच्याकडे येणार होते. तासाभरानं तो सूत्रधाराचं पुस्तक घेऊन माझ्या दारात आला.

"हे तुलाच द्यायचं होतं अण्णाला," तो म्हणाला. "दिवाळीच्या आधीच मला सांगून ठेवलं होतं, तुला बोलायचं नाही म्हणून. म्हणे तुला नियम येतात, तू टेबल सांभाळशील. तुला कशाला विकत घ्यायला लावायचं, म्हणून नको म्हणत होता. ती विहीर झाली की तिथंच तुझ्या हातात देणार होता."

त्यानं पहिलं पान उघडून दाखवलं. वर माझं नाव होतं, देवनागरीत. अण्णाला देवनागरी लिहायची सवय नव्हती. एकेक अक्षर पहिलीतल्या पोरासारखं जपून काढलेलं, शिरोरेघ पट्टीनं ओढलेली. त्यावर एकच आडवी रेघ मारून खाली मित्राचं नाव लिहिलं होतं. ते घाईत लिहिलेलं होतं, आणि शिरोरेघ नव्हती.

मी पुस्तक हातात घेऊन दोन्ही नावं वाचली. आणि खरं सांगायचं तर तेव्हाही मला पहिल्यांदा वाईट वाटलं नाही. पहिल्यांदा हेच वाटलं, की आता खाली याचं नाव आहे.

"एक सांग ना," तो म्हणाला. "खेळाडूनं भलतंच काही केलं, ज्याला नियमच नाही, तर सूत्रधारानं कसं ठरवायचं? कुठंतरी असेल. मला सापडत नाही. तुला माहीत असेल म्हणून आलो."

मला माहीत होतं. त्याच पुस्तकात, सुरुवातीलाच, डाव्या पानावर, खालून दुसरा परिच्छेद. माझ्या प्रतीत त्याखाली पेन्सिलीची रेघ होती, आणि ती प्रत मी बसलो होतो त्याच कॉटखाली होती.

"नाही रे," मी म्हणालो. "बघावं लागेल." आणि पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं.