झेंडूवरच्या अळ्या

तेव्हा आम्ही ऐरोलीत तळमजल्यावर राहायचो. मागच्या दारी चार हात मोकळी जागा होती, तिच्यावर माझ्या सासऱ्यांचा ताबा. सासूबाई गेल्यावर ते देशावरून आमच्याकडे आले, पण वर्ष झालं तरी पाहुण्यासारखेच. चहा पांचट झाला तरी पिणार, भाजी खारट झाली तरी "झ्याक झालीया". जीव मेटाकुटीला यायचा माझा! अहो, चिडा ना एकदा तरी!

मागच्या जागेत त्यांनी टोमॅटो लावले आणि आम्हाला सांगून टाकलं, "या मातीनं धरलं तर राहतो. न्हाईतर दिवाळीला गावी." गावी होतं कोण? कुलूपबंद घर, आणि सोबतीला त्यांचा दमा.

टोमॅटोच्या कडेनं झेंडू लावला. मी म्हटलं, "वा, देवाला फुलं झाली." तर म्हणाले, "देवाला न्हाई, अळीला." हरभऱ्याचे घाटे, तूर, कापसाची बोंडं, भेंडी, टोमॅटो, सगळ्यांवर म्हणे एकच अळी. पण शेजारी झेंडू फुललेला असला की पतंग आधी त्यावर अंडी घालतो आणि टोमॅटो वाचतो. रोज सकाळी ते फुलं उलगडून अळ्या वेचायचे आणि मला हेच ऐकवायचे. मला महापेची बस गाठायची असायची. मी कुकर लावता लावता "हो, हो" करायचे.

दसऱ्याला वाफाभर झेंडू फुललेला. "बाबा, तोरणाला घेऊ?"

"घे की. सण हाय."

नाही कसं म्हणतील? पाहुणे ना! मी एकूण एक फूल खुडलं. मागच्या पायरीवर ओवायला बसले तर फुलाफुलांत हिरव्या अळ्या, सणाच्या गडबडीत त्या सकाळी वेचायच्या राहिलेल्या. सणाच्या दिवशी जीव कशाला मारायचा, म्हणून प्रत्येक फूल तिथेच झटकलं. तिथेच म्हणजे टोमॅटोच्या वाफ्यात. मोठी पुण्यवान मी!

पंधरा दिवसांत हिरव्या टोमॅटोंना भोकं पडली. अळीचं डोकं आत, निम्मं अंग बाहेर. ते वेचत राहिले, पण एक फळ धड उरलं नाही. "न्हाई धरत ही माती," एवढंच बोलले. दिवाळीच्या तोंडावर बॅग दारात आली आणि माझा नवरा रिक्षा आणायला गेला.

माझा बांध फुटला. "मातीला कशाला नावं ठेवता? अळ्या मी सोडल्या! झेंडू झटकून, तुमच्या वाफ्यात!"

ते असे ओरडले की वरच्या मजल्यावरची बाई गॅलरीत आली. "अक्कल हाय का तुला? दोन महिनं सांगतोय, पालथ्या घड्यावर पाणी! आन् रोजचा त्यो चहा, चहा म्हणायचा का भांडी धुतल्यालं पाणी?"

वर्षभराचं सगळं निघालं. मी रडत होते, आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

तेवढ्यात रिक्षा येऊन थांबली. "रिक्षावाल्याला जा म्हणावं," ते नवऱ्यावर खेकसले. "आन् तू चहा टाक. आलं घालून."

मी डोळे पुसत आलं किसायला घेतलं.