कुणाची ना कुणाची आई

माझ्या आईला अमेरिकेत सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर आमच्या अपार्टमेंटची लाँड्री रूम. तिला धबधबा दाखवला, मोठमोठी देवळं दाखवली, समुद्रावर नेलं. प्रत्येक ठिकाणी "छान आहे हं" म्हणून ती मोकळी झाली. आणि सांगलीला परत गेल्यावर मावशीला वर्णन कशाचं केलं, तर कपडे धुवायच्या खोलीचं.

ही २००२ची गोष्ट. आम्ही फ्रिस्को नावाच्या गावात दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये भाड्यानं राहत होतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी एका डेंटिस्टच्या ऑफिसात बिलिंग बघायचे, मुलगा चार वर्षांचा. तीन बिल्डिंगांत मिळून एक लाँड्री रूम होती. भिंतीला लागून मशीन, मध्ये घड्या घालायला लांब टेबल, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या. आई सहा महिन्यांसाठी आली होती. दुसऱ्या आठवड्यापासून ती रोज चार वाजता पिशवीत दोन टॉवेल टाकून खाली जायला लागली.

"अगं, परवाच धुतलेत ते," मी म्हणायचे.

"मग परत धुतले तर काय बिघडलं? झिजतायत थोडेच," असं म्हणून ती चपला घालायची.

कारण तिथे बाकीच्यांच्या आया यायच्या. नागपूरच्या एक काकू होत्या, सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या. बडोद्याच्या एक बेन होत्या. आणि एक तेलुगू अम्मा, त्यांना हिंदीही येत नव्हतं आणि इंग्लिशही. तरी चौघींचं तासन् तास चालायचं. गुडघे, जावई, लोणच्यात मोहरी किती. अम्मा तेलुगूत सांगायच्या, आई मराठीत उत्तर द्यायची आणि दोघी एकदमच हसायच्या. मला ताप आला तेव्हा मी अंथरुणात पडायच्या आधी ती बातमी लाँड्री रूममध्ये पोचली आणि अम्मांकडून रसम आलं. युनिव्हर्सिटीत शिकणारी आपली मुलं शर्टाचं तुटलेलं बटण घेऊन तिथेच यायची, कारण चारला गेलं की एखादी तरी मावशी सुई-दोरा घेऊन बसलेली असायचीच. आई त्याला "आमची बैठक" म्हणायची. मी हसायचे. मला वाटायचं, बिचारीला दुसरा काही विरंगुळा नाही म्हणून जाते.

मग घरांचं वारं सुटलं. आधी एका कुटुंबानं घर घेतलं, मग दुसऱ्यानं, मग ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. पूर्वी आपापला पदार्थ घेऊन पॉटलकला जमलो की इंडियातून कोण येतंय, कुणाच्या बॅगेत जागा आहे, असं बोलणं व्हायचं. आता स्क्वेअर फूट, ग्रॅनाइट, स्कूल डिस्ट्रिक्ट. बँका कर्ज असं देत होत्या, जसं हळदीकुंकवाला वाण: आलीस ना, घे तूही. एका मैत्रिणीनं मला सगळ्यांदेखत विचारलं, "तुम्ही अजून रेंटवरच का ग?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवसापासून मी नवऱ्याच्या मागे भुणभुण लावली. तो म्हणत होता, थोडं थांबू या यार, एवढी घाई कसली. पण मी ऐकणार आहे होय.

आणि मी कारण काय दिलं? आईचं. "खाली एक बेडरूम हवी, बाथरूमला लागून. आईला जिना चढवत नाही." आमच्यातल्या प्रत्येकानं हेच सांगितलेलं असणार, कारण एजंट बाई न विचारताच म्हणाली, "आईवडिलांसाठी खालची खोली, बरोबर?" मी खोलीला मोतिया रंग दिला, कोपऱ्यात देव्हारा केला, आईला उंच पडू नये म्हणून पलंगाचे पाय कापून घेतले. खोटं कशाला बोलू, त्या खोलीवर माझा जीव होता. पण घर मी आईसाठी घेतलं नव्हतं. त्या मैत्रिणीसाठी घेतलं होतं.

२००५च्या मे महिन्यात आई आली. मी तिला खोली दाखवली, मग स्वयंपाकघर, मग खास लाँड्रीची खोली. "बघ, आता जिना उतरून जायला नको. घरातच मशीन."

आई म्हणाली, "छान आहे हं."

ते "छान आहे हं" मला तेव्हाच ओळखता यायला हवं होतं.

आम्ही सकाळी साडेसातला बाहेर पडायचो ते संध्याकाळीच परत. आई खिडकीशी बसायची. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. गॅरेजचं दार वर जायचं, गाडी आत जायची, दार खाली यायचं. शेजारी कोण राहतं ते मलाही धड माहीत नव्हतं. पूर्वीचे आमचे लोक होते जवळपासच, पण आता प्रत्येकाकडे जायचं म्हणजे आधी ईमेल, मग कन्फर्म, आणि दोनदा कॅन्सल. आईनं एकदा मागच्या कुंपणावर साडी वाळत टाकली. आठवड्यात कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलं, की कपडे बाहेर वाळत घालू नयेत. मी ते पत्र आईला मराठीत वाचून दाखवलं, आणि वाचताना माझा आवाज चढला होता.

जुलैमध्ये एका दुपारी ऑफिसातून लवकर निघून मी मुलाला समर कॅम्पमधून घेऊन घरी आले, तर गॅरेजपुढच्या ड्राइव्हवेत पोलिसाची गाडी. पुढच्या सीटवर आई. मांडीवर कपड्यांची पिशवी, हातात पाण्याची बाटली. पोलीस अगदी तरुण होता, अदबीनं बोलत होता. म्हणाला, या बाई सहापदरी रस्त्याच्या कडेनं चालत होत्या, ऊन फार आहे, काळजी वाटली म्हणून थांबवलं. त्यांच्या पर्समधल्या कागदावर हा पत्ता होता.

मी त्याचे आभार मानले. समोरचे दोघं लॉनला पाणी घालता घालता बघत होते. गाडी वळली आणि मी तिथेच, ड्राइव्हवेत, आईवर तुटून पडले.

"कुठे निघाली होतीस?"

"जुन्या बिल्डिंगकडे. लाँड्रीला."

"घरात नवंकोरं मशीन असताना?"

"मशीन आहे ग. पण मशीनशी बोलू काय मी?"

"आणि तिथे कोण बसलंय तुझ्यासाठी? काकू परत गेल्या, बेन परत गेल्या, अम्माही परत गेल्या. तुझ्या ओळखीचं कुणी नाही तिथे."

"नसू दे. कुणाची ना कुणाची आई आलेली असेलच की."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हटलं, "आपण आता अपार्टमेंटवाले नाही राहिलो, आई. चारचौघांत लाज आणतेस. तिकडेच राहायचं असेल तर जाऊन राहा तिकडे."

मुलगा म्हणाला, "ममा, स्टॉप." आईनं आत जाऊन पिशवी रिकामी केली. चार टॉवेल होते, आणि खाली डब्यात चकल्या. सकाळीच तळल्या असणार. कोण भेटेल ते माहीत नसताना तिनं त्यांच्यासाठी खाऊ घेतला होता.

आठ दिवसांनी ती म्हणाली, "तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ ग. तुझ्या मावशीचा गुडघा फार दुखतोय म्हणे." गुडघ्याचं निमित्त आहे हे मला कळत होतं. तरी मी त्याच दिवशी फोन करून तिकीट बदललं, तोऱ्यात. मला वाटत होतं ती शेवटी "राहते" म्हणेल. ती बहुधा मी "राहा" म्हणायची वाट बघत होती. सहा महिन्यांसाठी आलेली आई दहाव्या आठवड्यात गेली.

पुढे दर वर्षी मी फोनवर म्हणायचे, "ये ना." ती म्हणायची, "लहान घर घेतलंस की कळव, येते." मला तो टोमणा वाटायचा. मी वरवर हसायचे आणि फोन ठेवल्यावर चरफडायचे.

२००८मध्ये नवऱ्याची नोकरी गेली. घर मिळेल त्या भावाला विकलं आणि आम्ही त्याच जुन्या कॉम्प्लेक्समध्ये परत आलो, फक्त बिल्डिंग शेजारची. पहिल्याच शनिवारी सकाळी मी लाँड्री रूममध्ये मशीन लावलं आणि कॉलिंग कार्ड काढून सांगलीला फोन केला.

"आई, घेतलं लहान घर. ये आता."

ती म्हणाली, "आता कसली येतेय ग. डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. हृदयाचं आहे म्हणे काहीतरी. तुला उगीच घोर नको म्हणून बोलले नव्हते."

मी म्हटलं, "आई, माझं चुकलं. त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं."

"कोणत्या दिवशी?" ती म्हणाली. तिला पक्कं आठवत होतं, मला आवाजावरून कळलं. मग तिनंच विषय बदलला. "घरघर कसली येतेय? कुठून बोलतेस तू?"

"लाँड्री रूममधून."

"हो का? कुणी आहे का तिथे?"

एक वयस्क बाई नुकत्याच आत आल्या होत्या. सुती साडी, त्यावर सुनेचं असेल असं जाकीट, कडेवर कपड्यांची टोपली. नाणी कुठे टाकायची ते शोधत मशीनपुढे उभ्या होत्या. कुठल्या होत्या मला माहीत नव्हतं.

"आहे," मी म्हटलं. "कुणाची तरी आई आहे."

"दे त्यांना फोन."

मी दिला. त्या आधी गोंधळल्या, मग त्यांनी फोन कानाला लावला आणि तमिळमध्ये काहीतरी विचारलं. पलीकडून आईचा मराठी आवाज मला टेबलापर्यंत ऐकू येत होता. बाईंनी खुर्ची ओढली, नीट बसल्या, आणि थोड्या वेळानं हसल्या.

मी त्यांचे कपडे मशीनमध्ये टाकले आणि माझ्यातलीच नाणी घातली. आईला हवं होतं ते एवढंच होतं. तीन वर्षांपूर्वी ते आमच्या घरापासून दोन मैलांवर होतं, आणि माझ्याकडे गाडी होती.