दहावा माणूस खिडकीत

व्हायरस येऊन गेला त्याला दोन वर्षं झाली, पण जाताना त्यानं माझ्या प्रतिकारशक्तीची पार वाट लावली. पनवेलच्या दुसऱ्या टोकाला कोणी शिंकलं तरी ताप मला! गेल्या महिन्यात तर नागीण उठली. डॉक्टर म्हणतात, "संसर्ग संपला, पण शरीर अजून सावरलं नाही. गर्दी टाळा, धीर धरा." धीर किती धरायचा? त्यात शेजारच्या काकू रोज गुळवेलीचा काढा घेऊन दारात हजर. रोग परवडला पण इलाज नको, अशी माझी गत.

आम्ही बेने इस्राएल, मराठी ज्यू. आमच्या सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, एकही कमी चालत नाही. बहुतेक घरं इस्राएलला गेली, त्यामुळे दहाजण जमवताना नाकी नऊ येतात. त्या दिवशी अब्राहमकाकांच्या बायकोची बरसी होती. तिच्यासाठी कद्दीशची प्रार्थना म्हणायची, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. सकाळी त्यांचा फोन आला, "नऊ झालोत रे. तू येतोस ना?" नाही म्हणताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन ठेवला आणि देवावरच भडकलो. दहाच हवेत ना तुला? मग नेमकं दहाव्यालाच का घरात डांबलंस? यापुढे तुझं नावही घेणार नाही, असं म्हणून प्रार्थनेची टोपी कपाटावर भिरकावली.

संध्याकाळी खालून हाक आली. पहिल्या मजल्यावरून पाहतो तर कंपाउंडमध्ये नऊजण उभे, पुढे शाल पांघरलेले काका.

"डोकं बाहेर काढ!" ते ओरडले. "तोंड दिसलं की माणूस मोजता येतो. माझे वडील सांगायचे."

"आणि खोकला आला तर?"

"खोक की! आमेन तेवढं मोठ्यानं म्हण. टोपी कुठाय तुझी?"

धापा टाकत स्टुलावर चढलो, कपाटावरची टोपी काढली, धूळ झटकून डोक्यावर घातली. कुंड्या सारून ग्रिलची झडप उघडली आणि मान बाहेर घातली. काढेवाल्या काकूंनी खाली खुर्ची नेली, पण काका बसले नाहीत. कद्दीश म्हणताना त्यांचा आवाज दोनदा फुटला. मी आमेन म्हटलं आणि मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ताप आला. चिडचिड संपली असं म्हणणार नाही, काढाही चालूच आहे. पण सकाळी ज्याच्याशी अबोला धरला, तोच संध्याकाळी नऊ माणसं घेऊन माझ्या खिडकीखाली आला, असं मला मनापासून वाटतं. कधी बरं करायचं ते आता त्याचं त्यानं बघावं. मला दहांत धरलं, याचे उपकार मी रोज मानतो. टोपी हल्ली खिडकीपाशीच असते.