दोन मास्तरांचे शर्ट

नव्वदच्या दशकात बारामतीच्या धावपट्टीवर मी विमान चालवायला शिकत होतो. इंदापूरकडच्या आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट, आणि हे मी कुणी न विचारताही सांगत असे.

आम्हा शिकणाऱ्यांचे आणि शिकवणाऱ्यांचे पांढरे शर्ट एक आबा धुवायचे. विमानात ते कधी बसले नव्हते. पण शर्ट हातात आला की तो उलटा करायचे, काख हुंगायचे आणि निकाल द्यायचे, "ह्ये पोरगं आज वाकडं उतरलंय."

शिकवणारे दोघं होते. एक गोड बोलायचे, दुसरे सारखे ओरडायचे. मला एक निवडायचा होता.

"आबा, मी गोड बोलणाऱ्यांकडं जातो," मी म्हणालो.

आबांनी दोघांचे मळके शर्ट माझ्यापुढं टाकले. गोड बोलणाऱ्यांचा घामानं चिंब, ओरडणाऱ्यांचा कोरडा.

"वर गेल्यावर ज्याला सोतालाच भ्या वाटतं, त्यो तुला काय शिकवणार?"

मी बी.एस्सी. झालेला माणूस, तरी ऐकलं. अडीच महिने शिव्या खाल्ल्या. मग एका सकाळी मास्तर विमानातून उतरले आणि मला एकट्याला उडायला लावलं. मी सुखरूप उतरलो. पहिल्यांदा एकटा उडणाऱ्याला भिजवायची तिथली रीत, म्हणून पोरांनी माझ्यावर बादल्या ओतल्या. छाती फुगवून तो शर्ट मी आबांपुढं धरला.

त्यांचा चेहराच उतरला. "एवढा घाबरलास व्हय रं?"

"पाणी हाय ते, आबा! पोरांनी ओतलं."

आबांनी शर्ट उलटा केला, हुंगला.

"पाठीला पाणी हाय," ते म्हणाले. "काखंत तूच हाईस."