कोंबडीने उबवलेले तित्तर

बंगळुरूजवळ आनेकलला अण्णाच्या घरी गेलं की आधी टर्कीला तोंड द्यावं लागतं. फाटक उघडताच तो नर पिसं फुलवून असा अंगावर येतो, जणू मी घरात हिस्सा मागायला आलेय. अण्णा माझा थोरला भाऊ. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याने घरामागे गावठी कोंबड्या पाळल्या, आणि पुढे वहिनीच्या हट्टापायी ही टर्कीची जोडी आली. मी शहरात, मारतहळ्ळीला, चौथ्या मजल्यावर राहते. तिथे कुंडीतला कढीपत्ता जगला तरी पेढे वाटावेसे वाटतात. म्हणून रविवार आला की मी बस पकडते आणि टर्कीचा अपमान गिळून मागच्या अंगणात जाऊन बसते.

गेल्या वर्षी अण्णाच्या घराशेजारच्या माळावर लेआऊट, म्हणजे घरांसाठी प्लॉट, पडायला लागला. आधी हद्दीचे दगड रोवले, मग जेसीबी आला. बोरी-बाभळींचा हा माळ. आमच्या लहानपणी वडील आणि अण्णा इथेच तित्तर धरायचे. पाळलेला तित्तर पिंजऱ्यात घालून झुडपाजवळ ठेवायचा. तो ओरडला की रानातला भांडायला धावून यायचा आणि मांडलेल्या फाशात अडकायचा. कायद्याला ते मंजूर नव्हतं, पण आम्हाला कोण विचारतं, असा सगळा कारभार. दुपारी रस्सा व्हायचा आणि मी तो ओरपायचे, खोटं कशाला बोलू? पुढे एका वर्षी माळावरून पहाटेचा तित्तराचा एकही आवाज येईना, तेव्हा अण्णाने फासे मोडून चुलीत घातले. बऱ्याच वर्षांनी कुठून तरी एक जोडी परत आली. ती ओरडते का ते ऐकायला अण्णा चहाचा पेला घेऊन रोज मागच्या पायरीवर बसायचा.

त्या जोडीचं घरटं जेसीबीखाली आलं. बोरीचं झुडूप मुळासकट उचललं गेलं आणि मादी भुर्रकन उडाली, ती परत फिरकलीच नाही. "स्वल्प निल्सप्पा!" असं ड्रायव्हरला ओरडत, थांब म्हणून हात करत अण्णा धावला आणि टोपीत अंडी गोळा करून घेऊन आला.

"टर्कीच्या मादीखाली ठेवा," वहिनी म्हणाली. "मोठी आहे, भरपूर ऊब देईल."

"ऑम्लेट करील तुझी म्हैस," अण्णा म्हणाला.

एक लहान चणीची तपकिरी कोंबडी तेव्हा खुडूक बसली होती आणि जवळ जाईल त्याला चोच मारत होती. तिन्हीसांजेला तिची अंडी काढून अण्णाने ही तित्तराची अंडी तिच्याखाली सरकवली. तिने दोनदा बूड हलवलं आणि पंख पसरून बसली. कोंबड्या असल्या बाबतीत चौकशी करत नाहीत, हे बरं आहे.

"हे बघा, ही पाळायची नाहीत," अण्णाने त्याच वेळी आम्हा दोघींना बजावलं. "उडायला लागली की रानात सोडायची. आपण तिथून पुष्कळ नेलेत. एवढे तरी परत जाऊ देत."

पाच पिल्लं निघाली. अंगठ्याएवढी, पाठीवर पट्टे, पायात चाकं बसवल्यासारखी पळणारी. दाणे खाईनात, तेव्हा अण्णा वारूळ फोडून वाळवी आणू लागला. निवृत्त माणूस सकाळी सकाळी पहार घेऊन निघतो हे पाहून शेजाऱ्यांना वाटलं, याला गुप्तधनाचा नाद लागला. कोंबडी कुक् कुक् करायची की पाचही जण तिच्याकडे धावायची. वर घार फिरली की ती त्यांना पोटाखाली घ्यायची. शिकवायचं ते सगळं तिने मनापासून शिकवलं.

पण माणसाला भ्यायला ती कशी शिकवणार? ती स्वतःच जन्मापासून माणसाच्या पायांत घोटाळणारी. रानातली आई पावलाचा आवाज आला की पिल्लांना दडवते. ही पिल्लांना घेऊन पावलांकडे पळायची, कारण पावलांबरोबर दाणे येतात. पिल्लं मोठी झाली आणि दाणे टिपायला लागली, तशी वहिनी "बा बा बा" करत मूठभर नाचणी टाकायची आणि कोंबड्यांच्या आधी तित्तर हजर व्हायचे. मी तर त्यांना तळहातावर घेऊन फोटो काढले, सोसायटीत मिरवले. "हाताळू नका गं," अण्णा कुरकुरायचा. मग एकदा मागच्या दारातून मी पाहिलं, तर एक पिल्लू त्याच्या गुडघ्यावर बसलं होतं आणि गुडघा हलायला नको म्हणून तो श्वास धरून बसला होता. तेव्हा मला गंमत वाटली होती. आम्ही तिघांनी मिळून लाडालाडात त्यांचं रानपण काढून घेतलं.

हळूहळू ती भिंतीवर उडून बसायला लागली, आणि लेआऊटवर येणारी-जाणारी माणसं थांबून बघू लागली. एका गवंड्याने सरळ विचारलं, "यातला एक देता का?" त्यात त्याचं काही चुकलं नाही, आमच्याकडे तरी याचा रस्साच व्हायचा. अण्णाने मात्र त्या आठवड्यात गाडी काढून सगळा तालुका पालथा घातला. शेवटी त्याला एक खडकाळ टेकडी सापडली. वस्तीपासून लांब, भरपूर काटेरी झुडपं, आणि रानातले तित्तर ओरडत होते.

रविवारी सकाळी आम्ही तिघं तिथे गेलो. अण्णाने तित्तरांच्या पाटीवरचं झाकण उघडलं. पाचही बाहेर आले, त्यांनी माती उकरली, अंग झटकलं. झुडपातून रानातला एक ओरडला, तशा यांनी माना वर केल्या. अण्णा माझ्याकडे बघून इतका हसला की मलाच भरून आलं. "सरी, झालं, चला आता," तो हळूच म्हणाला.

आम्ही चालायला लागलो आणि पाचही जण आमच्यामागे धावत आले.

वहिनी आधी हसली. अण्णाने टाळ्या वाजवल्या, टॉवेल फिरवला, ओरडला. ते क्षणभर थबकायचे आणि पुन्हा यायचे. खालच्या पायवाटेवरून दोन माणसं सरपण घेऊन चालली होती. हे तित्तर त्यांच्याही मागे गेले असते, तितक्याच विश्वासाने, थेट त्यांच्या चुलीपर्यंत.

अण्णाने एक ढेकूळ उचललं आणि त्यांच्या बाजूला फेकलं. ते फुटलं, आणि पाचही जण तिकडे पळाले, दाणे शोधायला. आमच्या हातातून दुसरं काही पडतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

अण्णाचा चेहरा बघवेना. त्याने दुसरं ढेकूळ उचललं आणि या वेळी बाजूला फेकलं नाही. ते एकाच्या पाठीत बसलं. तो कोलमडला, पिसं उडाली, आणि असा किंचाळला की बाकीचे चारही उडाले ते थेट काट्यांत शिरले. तो पंख ओढत त्यांच्यामागे झुडपात गेला.

वहिनी धावली. अण्णाने तिचा हात धरला.

"अहो, लागलंय त्याला!"

"ठाऊक आहे मला. तू गेलीस तर सगळे परत बाहेर येतील."

झुडूप हललं नाही, आत कोणी ओरडलं नाही. आम्ही बराच वेळ उभे होतो. मग अण्णाने रिकामी पाटी डिकीत ठेवली आणि स्टिअरिंगपुढे बसला. किल्ली हातातच होती.

"मेला असेल का गं?" त्याने मला विचारलं.

"नाही रे," मी म्हणाले. मला काहीही माहीत नव्हतं. मागे वहिनी रडत होती. झुडूप काचेतून दिसत होतं, पाच पावलांवर, आणि आम्हाला तिथपर्यंत जाता येत नव्हतं.